डॉक्टर, तुम्ही आईच्या चपला हातात घेतल्यात

आदरणीय डॉक्टर,

आईच्या खुब्याचं दुसरं ऑपरेशन होऊन आठ महिने झाले. लिहायला बसले की डोळे भरून यायचे आणि पत्र राहून जायचं. आज लिहितेच.

पहिल्या ऑपरेशननंतर दीड वर्ष ती सांगत होती, जांघेत कळ येते, खुर्चीतून उठून पहिली चार पावलं टाकताना जीव नकोसा होतो. ज्यांनी ते ऑपरेशन केलं, त्यांचं उत्तर ठरलेलं: वयाचं दुखणं, वजन उतरवा, मन घट्ट करा. नवा एक्स-रे जुन्याशेजारी धरून पाहायचे कष्टही त्यांनी घेतले नाहीत. शेवटी आईने दुखतंय म्हणणंच सोडलं. तिला खोटं ठरवलं गेलं, याचा राग अजून माझ्या मनातून जात नाही.

तुमच्याकडे आलो तेव्हा मी जाडजूड फाइल पुढे केली. ती बाजूला ठेवून तुम्ही आईला चालायला लावलंत. मग तिला टेबलावर झोपवलंत आणि खाली ठेवलेल्या तिच्या चपला हातात घेऊन उलट्या केल्यात. डावीची टाच जवळजवळ कोरी होती, पुढचा भाग मात्र पार झिजलेला. "आजी, तुमचा हा पाय आखूड झालाय. टाच टेकतच नाही तुमची. किती सोसलंत!" आई तिथेच रडली. रोज दारात त्या चपला पाहणाऱ्या मलाही ते कधी दिसलं नव्हतं.

पहिल्या ऑपरेशनात बसवलेल्या कृत्रिम सांध्याची वाटी सैल होऊन वर सरकली होती, हे एक्स-रेत नंतर दिसलं. तरी तुम्ही घाई केली नाहीत. आधी सांध्यातलं पाणी काढून जंतुसंसर्ग नाही याची खात्री केलीत. दुसऱ्या खेपेला हाड कमी उरलेलं असतं, सांधा निखळण्याची भीतीही जास्त असते, हे आईच्याच डोळ्यांत बघून सांगितलंत. आमच्याकडे वळून, हलक्या आवाजात नाही. ऑपरेशनचं बाकी काय सांगू, ते तुम्हीच जाणता. पण माणसाचं म्हणणं आधी खरं धरायचं, हा चांगुलपणा मी तुमच्याकडे पाहिला आणि तो आम्हाला जन्मभर पुरेल.

निघताना आईला वाकायची मनाई होती. तुम्ही खाली बसून तिच्या पायांत चपला सरकवल्यात. ती अजून ते सगळ्यांना सांगते.

चपलांचा नवा जोड घेऊन सहा महिने झाले. परवा मी तो उलटून पाहिला. दोन्ही टाचा सारख्याच झिजल्यात.

आपली ऋणी,
तुमच्या एका पेशंटची मुलगी