पत्र्यापलीकडच्या हातांना
९ मार्च २०२० ला पुण्यात राज्यातले पहिले करोना रुग्ण सापडले आणि पंधरवड्यात रविवार पेठेतल्या आमच्या भांड्यांच्या दुकानाचं शटर खाली आलं. पुढे गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकले. आईचं इन्सुलिन संपत आलेलं. महापालिकेच्या एका सफाई कर्मचारी ताईंनी बर्फाच्या पिशवीत गुंडाळलेली बाटली पत्र्याच्या फटीतून माझ्या हातात दिली. नंतरही रोज सकाळी झाडू टेकवून विचारायच्या, "आजींची साखर किती आज?" मास्कमुळे चेहरा कधी दिसलाच नाही. बाबांना उशाशी बसून पाणी पाजणारे नायडू रुग्णालयातले रात्रपाळीचे दादा, जुलैत पुन्हा टाळेबंदी लागली तेव्हा भाड्याचं नाव न काढणारे जागामालक, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, दुकान उघडलंय. एकदा याच, आई वाट बघतेय.