अंतर्गत समितीतील ताईंस

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

या पत्रात आपले, माझे किंवा कंपनीचे नाव येणार नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यातील कलम १६ तक्रारीचा मजकूर आणि संबंधितांची ओळख जाहीर करण्यास मनाई करते. मात्र ओळख उघड न करता, मिळालेल्या न्यायाविषयी सांगण्याची मुभाही त्याच कलमात आहे, हे आपणच मला दाखवले होते. त्या मुभेत बसेल तेवढेच लिहिते.

वरिष्ठांचे रात्री-अपरात्री येणारे संदेश आणि बैठकीत माझ्या कपड्यांवरून होणारी शेरेबाजी यांविषयी मी अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार दिली, तेव्हा मनुष्यबळ विभागाने समेटाचा अर्ज आधीच छापून ठेवला होता. त्यावर माझी सही तेवढी बाकी होती. समितीच्या बाह्य सदस्य म्हणून आपण तो कागद पालथा घातलात आणि कलम १० नुसार समेटाची विनंती तक्रारदार महिलेकडूनच यावी लागते, असे शांतपणे सुनावलेत. समेट म्हणजे मांडवली, असा माझा पक्का समज होता. पैशांच्या आधारे समेट करता येत नाही, अटी मोडल्या तर चौकशीचा मार्ग पुन्हा खुला होतो, पण समेट पाळला गेला तर त्या तक्रारीची चौकशी होत नाही, हे सारे सांगून आपण मला विचाराला आठवडा दिलात. सहकाऱ्यांना साक्षीला ओढणे मला नको होते. लेखी कबुली आणि माझे काम त्या गृहस्थांच्या हाताखालून निघणे, एवढेच हवे होते. मग अर्ज मीच लिहिला. (प्रकरण अंगचटीला येण्यापर्यंत गेले असते, तर मी चौकशीच मागितली असती.)

त्यांच्या पहिल्या माफीनाम्यात ‘गैरसमज झाला असल्यास’ असे शब्द होते. आपण ‘गैरसमज’खाली पेन्सिलीने रेघ ओढून कागद परत पाठवलात. तिसऱ्या मसुद्यात ‘मी पाठवलेले संदेश अनुचित होते’ हे वाक्य आले. तोवर आम्हा दोघांना आपण एकदाही समोरासमोर बसवले नाही.

समेटाची प्रत माझ्या कपाटात आहे आणि माझे वार्षिक मूल्यमापन आता दुसऱ्या अधिकाऱ्यांकडे आहे. परवा शेजारच्या टेबलावरील मैत्रिणीने विचारले, “तुझी टीम अचानक कशी गं बदलली?” तिला अजूनही काही ठाऊक नाही, याबद्दल आपले विशेष आभार.

आपली कृतज्ञ,
एक तक्रारदार