दादाची अकरा वाक्यं

ती. आई-बाबा,
सा. न.

काल फोनवरच सांगणार होते, पण जीभ रेटली नाही. दादा नाटकात काम करतोय. येत्या रविवारी, शनिवार पेठेत, सुदर्शन रंगमंचावर. मी हो म्हणून बसलेय आणि आता ते फिरवणार नाही.

पाठांतराची काळजी करू नका, पाठ करायचं काही नाहीच. गटातला प्रत्येक जण स्वतःचंच सांगतो. नाटक बसवणाऱ्या ताई घरचे फोटो जमिनीवर पसरतात. ज्याला जो उचलावासा वाटेल तो त्याने उचलायचा आणि बोलायचं. बोललेलं सुधारत नाहीत, जसंच्या तसं ठेवतात. प्रयोगात पूर्ण अंधार नसतो, दार उघडं असतं, कुणाला मध्येच उठावंसं वाटलं तर उठता येतं. विंगेत पाण्याची बाटली आणि आईची जुनी सुती साडी ठेवलीय, घाबरला तर हातात धरायला. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, दुपारची झोप, सातला मेतकूट-भात, तूप आधी. सगळं तुमच्यासारखंच चाललंय.

बाबा, तुम्हाला कलमाशिवाय पटत नाही म्हणून: २०१६ चा दिव्यांगजन हक्क कायदा, कलम २९. दिव्यांग कलाकारांना सोयी आणि पाठबळ द्यावं, असं सरकारनेच लिहून ठेवलंय. आणि कॉलेजात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेतली शिपायाची दोन वाक्यं पन्नास वर्षं आम्हाला कोण ऐकवतंय? दादाची अकरा आहेत.

आता खरं कारण. दादाने माझ्या लग्नाचा फोटो उचलला. सगळ्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "हे सगळे. मी नाही. मी वाईला, आत्याकडे."

हे वगळा, असं मीच ताईंना म्हटलं. त्या म्हणाल्या, त्याला विचारा. 'ठेवू'चं हिरवं कार्ड, 'नको'चं लाल. तीन वेगवेगळ्या दिवशी विचारलं. तिन्ही वेळा हिरवं, तिसऱ्यांदा तर माझ्या हातावर आपटलंच.

तुमच्यावर तेव्हा काय काय होतं ते मला माहीत आहे. आणि मी तरी कुठे बोलले? पंचवीस वर्षांची घोडी, मेंदी बघत बसले होते. तो रागाने सांगत नाही हो. आई, माझी पाठवणी झाल्यावर दुसऱ्याच दिवशी तू एसटीने लाडवांचा डबा घेऊन वाईला गेलीस ना? त्याच्या पुढच्या दोन वाक्यांत तेच आहे. "आई आली. लाडवात चार बेदाणे." हे म्हणताना तो इतका हसतो, की तालमीत सगळे त्याच्याबरोबर हसतात.

याच असं नाही म्हणत. पण आलात तर सकाळची विनाथांबा गाडी घ्या. बाबांना पंचाहत्तरीनंतर तिकीट नाही, आईला अर्धं, आधार कार्ड विसरू नका. बीपीची गोळी निघण्याआधी, उतरल्यावर नाही. आई, गुडघ्याला पट्टा बांधूनच निघ आणि पिशव्या भरभरून आणू नकोस. स्वारगेटला मी उभी असेन. कडेच्या दोन खुर्च्या धरल्यात आणि त्या दादाला दाखवूनही ठेवल्यात, कारण बाबा कुठे बसणार हे तो रोज विचारतो.

तुमची,
ठमी

ता. क. लाडू आईनेच आणायचे म्हणतोय. एकच डबा. लहान.