रिमिनीला निघण्याआधी

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

बोलोन्याहून शनिवारी इटलीच्या पूर्व किनाऱ्यावरच्या रिमिनीला चाललात, तर आधी तिथल्या किनाऱ्याचं गणित समजून घे. नवखा माणूस पहिल्या अर्ध्या तासातच तिथे गोंधळतो.

काशीदला कुठेही चादर पसरली तरी चालतं. रिमिनीची पंधरा किलोमीटर वाळू ‘बान्यो’ नावाच्या पट्ट्यांत वाटलेली आहे. जागा सरकारची, पण चालवायला भाडेपट्ट्याने दिलेली. बंदरापासून दक्षिणेकडे १, २, ३ करत आकडे दीडशेच्या आसपास जातात. भेटायचं ठिकाण ठरवताना मैत्रिणींना हा आकडाच सांग. ‘निळ्या छत्र्यांजवळ’ म्हटलंस तर कोणी सापडणार नाही. एक छत्री आणि दोन खाटा, म्हणजे ‘लेत्तीनो’, यांचे दिवसाला साधारण २५ ते ४० युरो पडतात. पहिली रांग सगळ्यात महाग, मागे जावं तसा दर उतरतो. चौथी-पाचवी रांग बरी. पाण्यालगतचा पाचेक मीटरचा पट्टा सगळ्यांना चालायला मोकळा असतो, त्यामुळे पहिल्या रांगेसमोरून दिवसभर वर्दळ असते. त्या पट्ट्यातून खुशाल चाला, पण टॉवेल पसरू नका, उठवतात. एका छत्रीखाली चौघी चालतील का, हे पैसे देण्याआधी विचारायचं. दुपारनंतर बरेच जण अर्ध्या दिवसाचा दर लावतात.

फुकट बसायचं असेल तर ‘स्पियाज्जा लिबेरा’ अशी पाटी शोधा. बंदराजवळ अशी जागा आहे. सकाळी नऊच्या आत पोचलात तरच. छत्री आपली आपण न्यायची आणि अंघोळीची सोय असेलच असं धरून चालायचं नाही.

छत्र्यांच्या इतक्या आखीव रांगा आपल्याकडे का जमत नाहीत, तर भरतीमुळे. मुंबईत मोठ्या भरतीची उंची साडेचार मीटरच्या वर जाते. रिमिनीला एरवी भरती-ओहोटीतला फरक मीटरभरही नसतो, म्हणून छत्र्या हंगामभर जागच्या हलत नाहीत. दुसरं म्हणजे हा पूर्व किनारा आहे. सूर्य इथे समुद्रातून वर येतो आणि संध्याकाळी गावामागे जातो. सकाळी ऊन समोरून तोंडावर, दुपारनंतर पाठीवर. सावली सरकेल तशी खाट सरकवा, नाहीतर पाय तेवढे भाजून निघतील. भर दुपारी वाळूवर अनवाणी जाऊच नका.

पाणी उथळ आहे, बरंच आत चाललं तरी कंबरेपर्यंतच लागतं. पण म्हणून बेफिकीर राहू नका. बंदराच्या उत्तरेला, व्हिसेर्बाकडे, किनाऱ्याला समांतर दगडी बांध आहेत. लाटांनी बांधावरून आत आलेलं पाणी दोन बांधांमधल्या फटीतून बाहेर पडतं आणि तिथे ओढ लागते. त्या फटींपासून लांब राहा. पांढरा बावटा असेल तर पोहा, लाल असेल तर नाही. जोराचा पाऊस झाला की सांडपाणी समुद्रात येण्याची भीती असते आणि काही वेळा पोहण्यावर तात्पुरती बंदी येते. अलीकडे त्यासाठी पियाझ्झाले केनेडी या चौकाखाली मोठ्या टाक्या बांधल्या आहेत, तरी आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर पाटी वाचूनच उतरा.

आता खाणं. ‘पियादिना’ ही तिथली पोळी खाल्ल्याशिवाय येऊ नका, पण तू शाकाहारी, म्हणून नीट ऐक. मैदा, मीठ, पाणी आणि ‘स्त्रुत्तो’ हे तिचं पीठ. स्त्रुत्तो म्हणजे डुकराची चरबी, आणि ती पोळीतच असते. आत नुसतं चीज भरून घेतलं तरी सुटका नाही. काही ठिकाणी ऑलिव्ह तेलात मळलेली मिळते. ‘सेन्झा स्त्रुत्तो?’, म्हणजे ‘चरबीशिवाय?’, एवढं विचारलं तरी पुरतं. रिमिनीची पियादिना बाकी रोमान्या प्रांतातल्यापेक्षा पातळ आणि मोठी, जेमतेम तीन मिलिमीटर जाड. तापल्या तव्यावर तपकिरी ठिपके पडले की उतरवतात आणि दुमडून देतात. आत ‘स्क्वाक्वेरोने’ हे मऊ चीज आणि रुकोलाची किंचित कडवट पानं. या चीजला दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट लागतं, तेही चालत नसेल तर भाज्या भरून घे.

उन्हं कलल्यावर गावात जा. इसवी सन २१ मध्ये पुरा झालेला रोमन सम्राट तिबेरियसचा पूल पायी ओलांडता येतो. पलीकडे बोर्गो सान जुलियानो या वस्तीच्या गल्ल्या आहेत. तिकीट कशालाच नाही.

रीजनल गाडीचं भाडं ठरलेलं असतं. जलद गाडीचं तिकीट उशिरा काढलं की महागतं. कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात पंच करायला विसरू नका, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. मोबाइलवरचं असेल तर ‘चेक-इन’ झालंय ना, ते बसण्याआधी बघा. जाताना फाएन्झा स्टेशनाच्या अलीकडे सेनिओ नदी लागेल. याच नदीकाठी, प्रवाहाच्या दिशेने बरंच खाली, ९ एप्रिल १९४५ ला मराठा रेजिमेंटच्या नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला.

१५ ऑगस्टच्या आसपास मात्र हा बेत आखू नका. तिथे तो ‘फेर्रागोस्तो’चा सण, सगळी इटली किनाऱ्यावर असते. ओल्या कपड्यांना वेगळी पिशवी ने, आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ सकाळीच बघून ठेव.

तुझी,
आई