संशोधनाला चारच टक्के?

केंद्रीय अर्थसंकल्पातील आरोग्य तरतुदीचे स्वागत करणारा आपला अग्रलेख वाचला. २०२५-२६ मध्ये सुमारे एक लाख कोटींपैकी आरोग्य संशोधन विभागाला जेमतेम ३,९०० कोटी मिळाले, हेही त्यात यायला हवे होते. संशोधन ही काही दिल्ली-मुंबईची चैन नव्हे. आमच्याच गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी ३९ गावांत स्थानिक बायकांना नवजात बाळांची घरीच काळजी घ्यायला शिकवले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे ही पद्धत आशाताईंमार्फत देशभर गेली. आता सिकलसेल हा आदिवासींमध्ये जास्त आढळणारा आनुवंशिक रक्ताचा आजार २०४७ पर्यंत संपवायचा, असे सरकार म्हणते. आदिवासींच्या आजारात खासगी कंपन्यांना कसला नफा? रक्ततपासणी आणि तिचा निकाल दाखवणाऱ्या रंगीत कार्डांबरोबर औषध-संशोधनालाही सरकारनेच पैसा द्यावा.

— एक वाचक, चामोर्शी (जि. गडचिरोली)