आईची मांडी, बाबांची शंका आणि सोमवारपासूनचं मशीन

ती. आई आणि बाबा यांना शि. सा. नमस्कार.

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मांडीला करंट देणारं मशीन लावायचं ठरलंय, त्यासाठी सोमवारपासून रोज सकाळी दहाला फिजिओच्या मॅडम घरी येणार आहेत. महिन्याचे पैसे भरून झालेत, तेव्हा "कशाला एवढा खर्च" सुरू करू नका. रजा मिळाली असती तर मीच येऊन राहिले असते. तुम्हाला इकडे आणावं तर चौथा मजला, लिफ्टचा भरवसा नाही. तिथे आईची खुर्ची आहे, तुळस आहे, कमोडही बसवून झालाय, हाकेला काकू आहेत. आईला तिथेच बरं वाटेल, म्हणून असं ठरवलं.

बाबा, 'करंट' म्हटल्यावर फोनवर तुमचा आवाज बदलला. जन्मभर विजेच्या खांबावर चढलेल्या माणसाला काळजी वाटणारच, म्हणून तुमच्याच हिशेबात सांगते. घरातली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० लहरी. मांडीच्या स्नायूसाठी मशीनवरही साधारण ३५ ते ५० हर्ट्झच ठेवतात. मशीन करंट सुट्या ठोक्यांनी देतं, फरक त्या ठोक्याच्या लांबीत आहे. आपल्या लाइनीत अर्धी लहर १० मिलिसेकंद चालते, इथला ठोका साधारण ३०० मायक्रोसेकंदांचा, म्हणजे तिच्या तिसाव्या हिश्श्याहूनही लहान. करंट मिलिअँपिअरमध्ये, आणि मशीन बॅटरीवर चालतं. तारेला हात चिकटतो तो स्नायू आवळला गेल्यामुळे, हे तुम्हीच मला शिकवलंत. तेच आवळणं इथे मोजूनमापून, मांडीपुरतं.

आई, पाय उचलत नाही म्हणून तू स्वतःला बोल लावत बसतेस, ते आधी बंद कर. ऑपरेशननंतर सुजलेल्या गुडघ्याकडून मज्जारज्जूला असे संदेश जातात की मांडीच्या पुढच्या स्नायूपर्यंत हुकूमच पुरा पोचत नाही. तू जोर लावतेस, पण तो खाली उतरत नाही. यात तुझा आळस मुळीच नाही. मशीन त्या स्नायूच्या नसेलाच चेतवतं आणि स्नायू आवळतो. दहा सेकंद आवळेल, मग तीस-चाळीस सेकंद सुटेल. मध्ये एवढी विश्रांती लागते, कारण करंटने आवळलेला स्नायू आपणहून आवळलेल्यापेक्षा लवकर थकतो. आवळेल तेव्हा तूही मांडी घट्ट करायचीस. डोळे मिटून नामस्मरण नंतर. आणि मशीन लावलं म्हणून मॅडमनी दिलेले व्यायाम सुटणार नाहीत.

दुखण्यासाठी वेगळं सेटिंग आहे, टेन्स म्हणतात त्याला. त्यात शंभरेक हर्ट्झवर नुसत्या मुंग्या येतात, स्नायू आवळत नाही. मी पडून रडत आले की तू गुडघा चोळायचीस आणि मला खरंच कमी दुखायचं. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी मांडलं की स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत दुखण्याची वाट अडवतात. टेन्स तेच करतं, फक्त तुझा हात त्यात नाही. मशीन बंद झाल्यावर थोड्या वेळाने परत दुखेल. घाबरू नकोस.

आता दोघांनीही नीट ऐका. पॅड लावायच्या आधी मांडीला तेल अजिबात नाही. तेलाने पॅड नीट चिकटत नाही, मग सगळा करंट चिकटलेल्या तेवढ्याच जागेतून जातो आणि चटका बसतो. टाक्यांवर पॅड नको. आई, तुला साखर आहे, म्हणून मॅडम आधी टोकदार आणि बोथट ओळखायला लावतील. कंटाळून "हो हो, कळतंय" म्हणू नकोस. जिथे कळत नाही तिथे भाजलं तरी समजत नाही. पोटरी सुजली, गरम लागली, दुखायला लागली, तर त्या दिवशी मशीन नाही, थेट डॉक्टरांना फोन.

आणि बाबा, तुमची कंबर धरते हे मला माहीत आहे, मशीन समोर दिसल्यावर हात शिवशिवतील हेही. तुम्हाला पेसमेकर आहे. ते पॅड तुम्ही स्वतःला लावायचे नाहीत, 'फक्त बघतो' म्हणूनसुद्धा नाही. तुमच्या कंबरेचं मी आल्यावर डॉक्टरांना विचारून बघू. तोवर तुम्ही आईशेजारी बसा आणि ती मांडी घट्ट करते की नाही ते बघा, तुमचं ती ऐकते.

पॅड वापरून झाले की त्यांच्या प्लॅस्टिकवर परत चिकटवून ठेवा, उघडे ठेवले तर सुकतात. चहा-पोहे मॅडमना रोज करत बसू नका, त्यांना पुढच्या घरी जायचं असतं. सोमवारी त्या गेल्या की लगेच फोन करा, मी मीटिंगमध्ये असले तरी उचलेन.

तुमची,
छकुली