समासातल्या ठिपक्यांबद्दल

आदरणीय बाई,

सादर प्रणाम.

2014 च्या पावसाळ्यात मी कराडच्या एका अभ्यासिकेत बँकेच्या परीक्षेची तयारी करत होतो आणि ‘वाक्यातील चूक शोधा’ या प्रश्नाने मला पुरते हैराण केले होते. वाक्याचे चार तुकडे आणि पाचवा पर्याय ‘चूक नाही’. मला तो पाचवाच जवळजवळ दर वेळी खरा वाटे. राज्यात पहिलीपासून इंग्रजी 2000 साली सुरू झाले. आम्ही त्याआधीचे, आम्हाला ‘एबीसीडी’ पाचवीत भेटली. क्लासने दिलेल्या झेरॉक्समधील नियम तोंडपाठ होते, पण नेमका नियम आठवेपर्यंत चूक नजरेखालून निसटलेली असे. आपण तिथे दुपारी वृत्तपत्रे वाचायला येत असा. एके दिवशी आपण माझी वही मागून घेतलीत आणि पुढचे चार महिने एक रुपयाही न घेता ती तपासत राहिलात. त्याचे आभार मानायचे राहूनच गेले होते.

आपण एकही चूक स्वतः दुरुस्त केली नाहीत. ओळीत जितक्या चुका, तितके लाल पेन्सिलीचे ठिपके समासात, आणि वही परत. त्या ठिपक्यांचा मला सुरुवातीला राग येई, हेही आज सांगून टाकतो. चूक सापडेना, तेव्हा आपण म्हणालात, “तुझ्या मनात आधी कोणते मराठी वाक्य आले, ते शेजारी लिही.” माझे इंग्रजी वाक्य होते, ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट ही केम’. शेजारी मी लिहिले, ‘जरी पाऊस पडत होता, तरी तो आला’, आणि त्या ‘तरी’नेच ‘बट’ आणला होता हे लख्ख दिसले. ‘तो येत नाही तोपर्यंत’ यातील ‘नाही’ असाच ‘टिल ही डज नॉट कम’मध्ये घुसला होता, तिथे ‘टिल ही कम्स’ एवढेच पुरते. ‘विषयावर चर्चा’मुळे ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ चिकटला, ‘माझ्यापेक्षा वरिष्ठ’मधील ‘पेक्षा’मुळे ‘सीनियर’पुढे ‘टू’ऐवजी ‘दॅन’ आला, आणि ‘दहा वर्षांपासून’मधील ‘पासून’मुळे ‘फॉर टेन इयर्स’चे ‘सिन्स टेन इयर्स’ झाले.

मात्र सगळा दोष मराठीच्या माथी मारणे आपल्याला मान्य नव्हते. ‘द क्वालिटी ऑफ द मँगोज वेअर नॉट गुड’ हे वाक्य मी दोनदा ‘चूक नाही’ म्हणून सोडून दिले होते. मराठीत ‘आंब्यांची प्रत चांगली नव्हती’ असे लिहिले, तेव्हा क्रियापद आंब्यांचे नसून प्रतीचे आहे आणि ‘वेअर’च्या जागी ‘वॉज’ हवे, हे निराळे सांगावे लागले नाही. ‘वन ऑफ माय फ्रेंड’चेही तेच. ‘माझ्या मित्रापैकी एक’ असे कोण म्हणते? ‘मित्रांपैकी’ म्हटले की ‘फ्रेंड्स’ आपोआप आले.

‘अ’ आणि ‘अ‍ॅन’ यांना मात्र मराठीत जोडच नाही, म्हणून तिथे ही युक्ती चालणार नाही असे मी धरून चाललो होतो. आपण शब्द देवनागरीत लिहायला लावलेत. ‘युनिव्हर्सिटी’ ‘य’ने सुरू होते, म्हणजे व्यंजन, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. ‘ऑनेस्ट’च्या आरंभी ‘ऑ’ हा स्वर, म्हणून ‘अ‍ॅन ऑनेस्ट मॅन’. ‘एमएलए’ ‘ए’ने सुरू होतो, म्हणून ‘अ‍ॅन एमएलए’. आणि ‘वन रुपी कॉइन’आधी ‘अ’, कारण आपण ‘व’ उच्चारतो. रोमन लिपी जो उच्चार लपवते, तो आपली लिपी पहिल्या अक्षरातच दाखवते, हे एवढ्या वर्षांच्या शाळेत मला कोणी सांगितले नव्हते. झेरॉक्सच्या कागदांवर तर ते असण्याची शक्यताच नव्हती.

दुसऱ्या प्रयत्नात माझी निवड झाली. शाखेतून ग्राहकांना जाणारी इंग्रजी पत्रे आता माझ्या सहीसाठी येतात. संगणक काही चुकांखाली लाल रेघ ओढतो, आणि मुले त्यावर टिचकी मारून मोकळी होतात. कारण विचारले की गप्प. गेल्या सोमवारी एका नव्या मुलीने आणलेल्या मसुद्यात ‘द लिस्ट ऑफ डॉक्युमेंट्स आर एन्क्लोज्ड’ असे होते. मी समासात एक ठिपका दिला आणि कागद तिच्याकडे परत केला. ती पाचच मिनिटांत आली, ‘आर’ खोडून ‘इज’ केलेले होते, आणि पेन्सिलीने बारीक अक्षरांत शेजारी लिहिले होते, ‘कागदपत्रांची यादी जोडली आहे’. मी तिला मराठीत लिहायला सांगितलेच नव्हते.

आपला विद्यार्थी,
खिडकीजवळच्या टेबलावर बसणारा